बूट उतरवल्यावर शिट्टी: फुटबॉलपटूला पंच व्हायचं असेल तर

"सर, गुडघा आता साथ देत नाही, पण मैदान सुटत नाही. रेफरी होता येईल का?" गेल्या काही हंगामांत हा प्रश्न मला कोल्हापुरात शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर विचारला गेलाय, मुंबईत कूपरेजच्या गेटबाहेर विचारला गेलाय, रात्री साडेअकराला फोनवरही विचारला गेलाय. विचारणारे सगळे चांगले खेळलेले. कुणी जिल्ह्याकडून, कुणी विद्यापीठाकडून, एकदोघे संतोष ट्रॉफीच्या शिबिरापर्यंत गेलेले. पहिल्या प्रश्नामागोमाग ठरलेले प्रश्न येतात. वय एकतीस आहे, उशीर झाला का? इतकी वर्षं खेळलोय, तरी परीक्षा द्यावी लागेल का? क्लबकडून खेळत असताना शिट्टी चालेल का? घर चालेल का?

थोडक्यात उत्तरं देतो. एकतिसाव्या वर्षी सुरुवात करता येते, पण मग टंगळमंगळ चालणार नाही. परीक्षा सगळ्यांना द्यावी लागते. खेळणं आणि पंचगिरी एकत्र चालेल का, हे तुमची संघटना ठरवते, आणि ते लेखी विचारून घ्यायचं असतं. फक्त पंचगिरीवर घर चालवण्याचा बेत करू नका. मी स्वतः लेफ्ट बॅक खेळलो आणि नंतर पंच झालो. त्या रस्त्यावर जे खड्डे लागले ते तुम्हाला आधीच ठाऊक असावेत, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

किती वर्षं हातात आहेत, ते आधी मोजा

इंग्लंडचे स्टीव्ह बेन्स बचावपटू होते. नॉटिंगहॅम फॉरेस्ट, हडर्सफील्ड, ब्रॅडफर्ड सिटी, चेस्टरफील्ड अशा क्लबांकडून ते व्यावसायिक फुटबॉल खेळले. खेळणं थांबल्यावर त्यांनी शिट्टी हातात घेतली, स्थानिक सामन्यांपासून एकेक पायरी चढले आणि १९९५ मध्ये फुटबॉल लीगच्या पंचांच्या यादीत आले. ज्या लीगमध्ये खेळले, तिथेच २००३ पर्यंत त्यांनी पंचगिरी केली. फ्रान्सचे गाएल अँगुला बास्तिया आणि आंजे या क्लबांकडून खेळले, २०१७ मध्ये निवृत्त झाले आणि काही वर्षांतच तिथल्या दुसऱ्या श्रेणीच्या व्यावसायिक लीगमध्ये पंच म्हणून उभे राहिले. फ्रान्समध्ये माजी व्यावसायिक खेळाडूंसाठी जवळचा रस्ता आहे. इंग्लंडमध्येही खेळाडूंची संघटना, फुटबॉल असोसिएशन आणि पंचांचं मंडळ यांनी मिळून २०२३ मध्ये अशीच योजना सुरू केली.

ही उदाहरणं धीर देतात. पण आपल्या जिल्ह्यात असा जवळचा रस्ता मिळेल या भरवशावर राहू नका. सगळ्यात खालच्या पायरीपासून हिशोब धरा. 'फिफा'च्या आंतरराष्ट्रीय यादीत येण्यासाठी पंचाचं वय किमान २५ आणि साहाय्यक पंचाचं किमान २३ लागतं, पण तिथवर पोहोचायच्या आधीची जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय ही चढण बरीच वर्षं खाते. म्हणून जे विशी-पंचविशीत आहेत आणि खेळाडू म्हणून वरच्या लीगमध्ये जागा मिळणार नाही हे ज्यांना मनातून कळून चुकलंय, त्यांना मी स्पष्ट सांगतो: पाय शाबूत असताना या. गुडघा पूर्ण गेल्यावर पंचगिरीकडे वळणारे खेळाडू बहुतेक वेळा धावण्याच्या चाचणीतच थांबतात. तिशी उलटली असेल तर राज्य पातळीचा चांगला पंच होणं हे लक्ष्य ठेवा. त्या पातळीवर जाणत्या पंचांची फार गरज आहे आणि ते काम कमी प्रतीचं नाही.

दार कुठलं?

महाराष्ट्रात फुटबॉलची राज्य संघटना म्हणजे 'विफा', वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन. तुम्ही मात्र जायचं ते जिल्हा संघटनेकडे. मुंबईत मुंबई फुटबॉल असोसिएशन, कोल्हापुरात 'केएसए' म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, पुण्यात 'पीडीएफए' म्हणजे पुणे जिल्हा फुटबॉल असोसिएशन. गोव्यातल्यांनी तिथल्या राज्य संघटनेकडे, गोवा फुटबॉल असोसिएशनकडे जायचं. नवोदित पंचांचे वर्ग या संघटना भरवतात. वर्ग बारमाही नसतात. हंगामाच्या आधी कार्यालयात जाऊन नाव नोंदवून ठेवा, समाजमाध्यमांवरच्या घोषणेची वाट पाहत बसू नका.

वर्गात नियम शिकवतात, लेखी परीक्षा होते, मैदानावर उभं करून पाहतात आणि धावायला लावतात. उत्तीर्ण झालात की सगळ्यात खालच्या श्रेणीत नोंद होते. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या पद्धतीत वर चढाल तसा श्रेणीचा आकडा कमी होत जातो आणि राष्ट्रीय पंच म्हणजे कॅटेगरी वन. प्रत्येक पायरीला परीक्षा आणि धावण्याची चाचणी पुन्हा असते.

फी भरण्यापूर्वी संघटनेला एवढं विचारा आणि उत्तर ईमेलवर किंवा पत्रावर घ्या:

- नोंदणीकृत खेळाडू असताना पंच म्हणून नोंद होते का? होत असेल तर कोणत्या गटाचे सामने मिळणार नाहीत?
- प्रमाणपत्र किती काळ चालतं आणि नूतनीकरणाला काय लागतं?
- पहिल्या वर्षी साधारण किती सामने मिळतात, आणि सोबत अनुभवी पंच असतो का?
- मानधन सामन्याच्या दिवशी मिळतं की हंगामाच्या शेवटी? प्रवासखर्च वेगळा आहे का?
- मैदानावर दुखापत झाली तर विमा आहे का, आणि त्याची कागदपत्रं कुणाकडे मिळतात?

शेवटचे दोन प्रश्न विचारायला मुलं लाजतात. लाजू नका.

खेळाडूचा कायदा आणि पुस्तकातला कायदा

माजी खेळाडू सगळ्यात जास्त इथे अडखळतात, म्हणून इथे जरा थांबू या. फुटबॉलचे नियम १७. ते 'इफॅब' हे आंतरराष्ट्रीय मंडळ ठरवतं आणि बदल दरवर्षी १ जुलैपासून लागू होतात. पंधरा वर्षं खेळलेल्या माणसाच्या डोक्यात मात्र अठरावं पुस्तक असतं. ते ड्रेसिंग रूममध्ये, चहाच्या गाडीवर आणि टीव्हीसमोर तयार झालेलं असतं. वर्गात शिकवताना मला कोरी पाटी घेऊन आलेली कॉलेजची मुलगी सोपी जाते आणि दहा वर्षं स्टॉपर खेळलेला गडी अवघड जातो, तो या अठराव्या पुस्तकामुळे.

"आधी बॉल मारला ना, मग फाउल कसला?" हे त्या पुस्तकातलं पहिलं वाक्य. बॉलला पाय लागला म्हणून टॅकल माफ होत नाही. पंचाने पाहायचं ते टॅकल कसं केलं. निष्काळजीपणा असेल तर नुसता फाउल. समोरच्याला इजा होईल याची पर्वा न करता केलेलं असेल तर पिवळं कार्ड. अवाजवी जोर लावून समोरच्याला धोक्यात घातलं असेल तर लाल. खेळताना या तिन्हींत आपण फरक करत नव्हतो, "जरा जोरात गेला" एवढंच म्हणत होतो. आता तो फरक अर्ध्या सेकंदात करायचा आहे. त्यासाठी चेहऱ्याकडे बघू नका, पाय बघा. तळव्याचे स्टड दिसतात का? पाय जमिनीलगत आहे की नडगीच्या उंचीवर? गडी शेवटच्या क्षणी आवरतं घेतोय की अंग झोकून देतोय? हे तुम्ही स्वतः हजार वेळा केलंय, म्हणून तुम्हाला ते इतरांपेक्षा लवकर दिसेल. खेळाडूपणाचा खरा फायदा हाच.

"लास्ट मॅन आहे, लाल द्या!" नियमात 'लास्ट मॅन' हा शब्दच नाही. गोलची स्पष्ट संधी हिरावली का, हे चार गोष्टींवरून ठरतं: गोलपासूनचं अंतर, खेळाची दिशा, बॉल ताब्यात राहण्याची किंवा येण्याची शक्यता, आणि बचावपटू किती व कुठे आहेत. शिवाय पेनल्टी क्षेत्रात बॉल खेळण्याच्या खऱ्या प्रयत्नात फाउल झाला आणि पेनल्टी दिली, तर कार्ड पिवळं. २०१६ पासून नियम असा आहे, तरी स्टेडियम अजून लालच मागतं.

हँडबॉलचंही तसंच. 'हाताला लागला' एवढ्याने हँडबॉल होत नाही. हात मुद्दाम नेला का, किंवा शरीराचा आकार अनैसर्गिकरीत्या मोठा केला का, हे बघायचं. मात्र स्वतःच्या हाताला लागून थेट गोल झाला, किंवा हाताला लागल्यावर त्याच खेळाडूने लगेच गोल केला, तर चुकून लागला असला तरी गोल नाही. आणि 'पाय वर' या ओरडण्यात दोन वेगळे निर्णय दडलेले असतात: समोरच्याला स्पर्श नसेल तर इनडायरेक्ट फ्री किक, स्पर्श झाला तर डायरेक्ट.

नवे बदल वेगळे पाठ करावे लागतील. तुमच्या काळात गोलकीपर बॉल धरून कितीही रेंगाळत होता. २०२५-२६ च्या हंगामापासून ८ सेकंदांच्या वर बॉल हातात ठेवला तर समोरच्या संघाला कॉर्नर, आणि शेवटची पाच सेकंदं पंचाने हात वर करून बोटांनी मोजून दाखवायची.

माझा सल्ला असा. नियमांचं पुस्तक वाचताना प्रत्येक नियमाशेजारी पेन्सिलीने लिहा, "खेळताना मला काय वाटत होतं." जिथे दोन्ही जुळत नाही ती पानं दुमडून ठेवा. परीक्षेच्या आदल्या रात्री फक्त दुमडलेली पानं वाचा.

धावणं: दम तोच, काम वेगळं

आंतरराष्ट्रीय पुरुष पंचांची चाचणी अशी असते: ४० मीटरच्या सहा स्प्रिंट, प्रत्येक ६ सेकंदांत, मध्ये एक मिनिट विश्रांती. त्यानंतर ७५ मीटर १५ सेकंदांत धावणं आणि २५ मीटर १८ सेकंदांत चालणं, असं ४० वेळा. एकूण ४ किलोमीटर. जिल्ह्याच्या चाचणीत वेळा सैल असतात, पण साचा बहुधा हाच. साहाय्यक पंचांसाठी छोट्या स्प्रिंट आणि पुढे आणि आडवं अशी दिशा बदलत धावण्याची चाचणी असते, कारण ऑफसाइडच्या रेषेत राहायला आडवंच पळावं लागतं.

बॅक किंवा स्ट्रायकर असताना तुम्ही सामन्यात विसावा घेत होता. बॉल दुसऱ्या टोकाला गेला की कमरेवर हात ठेवून उभं राहता येत होतं. पंच दोन्ही टोकांना जातो आणि त्याच्या जागी बदली गडी येत नाही. जुनी हॅमस्ट्रिंग फाटलेली असेल तर सहा स्प्रिंटमध्ये चौथ्या-पाचव्याला ती पुन्हा तोंड वर काढते. वर्गाला नाव घालण्यापूर्वी हाडांच्या डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना गुडघा दाखवा आणि चाचणीचा साचा त्यांच्यासमोर ठेवून विचारा. निदान दोन महिने आठवड्यातून दोन दिवस हाच साचा, कमी फेऱ्यांपासून वाढवत, करत या.

गुडघ्याने नाहीच म्हटलं तरी मैदान सुटत नाही. फुटसालची पंचगिरी करता येते. तिथे अंतर कमी असतं, पण वळणं जास्त असतात, तेवढं ध्यानात घ्या. पुढे अनुभवी पंचांना निरीक्षक आणि प्रशिक्षक म्हणूनही काम मिळतं.

मधे की लाइनवर?

लाइनवर उभं राहणं म्हणजे दुय्यम काम, हा गैरसमज खेळाडूंमध्ये घट्ट आहे. गोव्याच्या उवेना फर्नांडिस आधी फुटबॉल खेळत होत्या, मग साहाय्यक पंच झाल्या आणि २०१६ मध्ये जॉर्डनला झालेल्या १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकापर्यंत पोहोचल्या. साहाय्यक पंच हा स्वतंत्र पेशा आहे आणि त्याची चढण वेगळी आहे. ऑफसाइडची रेषा ज्यांनी आयुष्यभर सांभाळली, त्या बचावपटूंनी हा पर्याय मनापासून तपासावा. सुरुवातीला दोन्ही करून बघा. एका हंगामात कळतं.

जुना क्लब, जुनी पेठ

कोल्हापूरच्या वाचकांसाठी हा भाग मी मुद्दाम लांबवतोय. आपल्याकडे क्लब म्हणजे तालीम, तालीम म्हणजे पेठ आणि पेठ म्हणजे घर. पाटाकडील, शिवाजी, खंडोबा, दिलबहार यांच्या सामन्याला पंच म्हणून कोण उभा राहणार, हे दोन्हीकडच्या चौकांत सकाळीच कळलेलं असतं. "आपला माणूस आहे" हे वाक्य तुम्ही कौतुकाने ऐकाल, पण पंचाला त्याच्याइतकं घातक दुसरं काही नाही.

सुरुवातीच्या वर्षांत मी एक चूक केली. माझ्या जुन्या क्लबचा सामना मला दिला गेला. दुसरा पंच मिळत नव्हता म्हणून मी "हो" म्हणालो. पाचव्या मिनिटाला माझ्याच जुन्या जोडीदाराने मागून पाय घातला. मी फाउल दिला, कार्ड दिलं नाही. पिवळं द्यायलाच हवं होतं. अर्ध्या तासाने समोरच्या संघाच्या पोराने हुबेहूब तेच केलं आणि त्याला मी पिवळं दाखवलं. तो काही बोलला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला. अजून ते डोळे मला दिसतात. माझ्या मनात पक्षपात नव्हता, पण त्या पोराला ते कसं पटावं?

म्हणून:

- ज्या क्लबकडून खेळलात, ज्यांना शिकवलंत, जिथे सख्खे नातेवाईक खेळतात, त्यांची यादी पंच मंडळाला स्वतःहून लेखी द्या.
- तरीही सामना मिळाला तर आदल्या दिवशीच कळवा. मैदानावर पोहोचून नकार देऊ नका.
- जुन्या संघाच्या व्हॉट्सअॅप गटातून बाहेर पडा. हे जड जातं, तरी पडा.
- मैदानात कुणालाच टोपणनावाने हाक मारू नका. "सात नंबर" म्हणा. एकाला "बाळ्या" आणि दुसऱ्याला "सात नंबर" म्हणालात की दुसऱ्याच्या मनात निकाल लागलेला असतो.
- फुटबॉल सामन्यांवर पैजा लावायच्या नाहीत, अॅपवरही नाही. निकाल फिरवण्याबद्दल कुणी चाचपणी केली तर त्याच दिवशी संघटनेला लेखी कळवा, मग तो जिवलग मित्र असो.

पैशांचं

जिल्हा पातळीचं मानधन बूट, प्रवास आणि खाण्यापिण्याला पुरतं, फार वर जात नाही. खेळाच्या कोट्यातून बँकेत, रेल्वेत किंवा पोलिसांत नोकरी असेल तर ती सोडू नका. पंच म्हणून बाहेर जाण्यासाठी रजा कशी मिळेल हे कार्यालयाला विचारून ठेवा. आयकराच्या नियमांत पंचाचं मानधन व्यावसायिक फी धरलं जातं, त्यामुळे मोठे आयोजक त्यातून टीडीएस कापतात. कापलेली रक्कम तुमच्या पॅनवर जमा दिसते का, ते आयकराच्या पोर्टलवर तपासा आणि विवरणपत्र भरून जादा कापलेलं परत मिळवा. रोख दिलं तर पावतीवर सामना आणि तारीख लिहून घ्या.

तुमचे हक्क

पंच होणारे खेळाडू कर्तव्यांची यादी पाठ करतात, हक्क कुणी सांगतच नाही.

- सामन्याआधी मैदान तपासायला पाऊल टाकलंत तिथपासून सामना संपून बाहेर पडेपर्यंत तुमचा अधिकार चालतो. पाणी साचलंय, गोलपोस्ट हलतोय, प्रेक्षक रेषेवर आलेत, तर सामना सुरू न करण्याचा हक्क तुमचा आहे. "प्रमुख पाहुणे आलेत" हे खेळ सुरू करायचं कारण होत नाही.
- बाहेरून हस्तक्षेप झाला तर सामना थांबवणं, स्थगित करणं किंवा सोडून देणं, हे नियम ५ मध्ये लिहिलेलं आहे. नियमांना धरून घेतलेल्या निर्णयामुळे कुणाला दुखापत झाली किंवा नुकसान झालं तरी पंच जबाबदार धरला जात नाही, हेही त्याच नियमात आहे.
- अंगावर हात टाकला गेला तर आधी सरकारी रुग्णालयात जाऊन नोंद करा, मग पोलीस ठाण्यात तक्रार द्या आणि संघटनेला अहवाल द्या. "मिटवून टाकू" म्हणत येणाऱ्यांना सांगा की अहवाल दिलेला आहे.
- महिला पंचांनी स्वतंत्र, आतून कडी लागणारी खोली मागावी. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यात क्रीडासंकुल आणि स्पर्धेचं ठिकाण हे कामाचं ठिकाण धरलं आहे. संघटनेत अंतर्गत समिती नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत द्यायची असते.

पहिले दहा सामने

हे दहा सामने मुलांच्या गटाचे घ्या, वरिष्ठ लीगचे मागू नका. आत गोळी नसलेली शिट्टी घ्या. गोळीची शिट्टी पावसात अडकते आणि नेमकी पेनल्टीच्या वेळी फुसकी निघते. दोन शिट्ट्या, दोन घड्याळं, दोन पेन. लाल आणि पिवळं कार्ड वेगवेगळ्या खिशांत ठेवा, म्हणजे रागाच्या भरात भलतंच हाताला लागणार नाही. साध्या फाउलला छोटी शिट्टी, वाईट टॅकलला लांब आणि जोरदार. खेळाडू शिट्टीवरूनच तुमचं मन वाचतात. तुम्हीही वाचत होतात.

अॅडव्हान्टेज देताना घाई करू नका. दोनतीन सेकंद थांबा, फायदा झाला नाही तर मूळ फाउल द्या. खेळाडू असताना तुम्ही पंचाच्या अंगावर धावून जात होतात, आता ते लोक तुमच्याकडे धावत येतील. फक्त कर्णधाराशी बोला, आणि दोन वाक्यांत बोला. निर्णय चुकला हे लगेच उमगलं आणि खेळ पुन्हा सुरू झालेला नसेल, तर तो बदलता येतो. सुरू झाला असेल तर ती चूक गिळून पुढे चला, पुढच्या निर्णयात भरपाई करायला जाऊ नका. भरपाईचा निर्णय प्रेक्षकांना लगेच कळतो आणि खेळाडूंना त्याहून आधी.

सामना संपला की मोबाइल उघडण्यापूर्वी अहवाल लिहा. घामेजलेल्या अंगाने, खोलीच्या बाकावर बसून. कितव्या मिनिटाला, किती नंबरला, कोणत्या कृतीसाठी कार्ड दिलं, आणि कृती दिसली तशी: "उजव्या पायाचे स्टड समोरच्याच्या नडगीवर, बॉल एक मीटर पुढे." "उद्धट वर्तन" असं मोघम लिहू नका, काय शब्द वापरले ते लिहा. शिस्त समिती कागद पाहून ठरवते, आणि महिनाभराने तुम्हाला बोलावलं तर तुमच्याजवळही तेवढाच कागद असतो. त्याच वहीच्या मागच्या पानावर, संघटनेला न देण्यासाठी, त्या दिवशी कोणत्या निर्णयाच्या वेळी बॉलपासून लांब होतात ते लिहा. पुढच्या रविवारी टॉसच्या आधी ते पान वाचून मैदानात उतरा.